याद कोणाची, सही कोणाची?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

'विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनात ऐकतो, लग्नमंडपातल्या आशीर्वादपर भाषणांत ऐकतो, वक्तृत्व स्पर्धेत तर या वाक्याला हमखास टाळी पडते. त्यामुळे लग्नापूर्वी वधूवरांनी आपापसांत लेखी करार करावा असे कोणी म्हटले, की प्रथम हसू उमटते आणि मग कपाळाला आठ्या पडतात. हे थेर अमेरिकेतल्या नटनट्यांचे, कोट्यधीशांचे; सात जन्मांच्या गाठी बांधणाऱ्यांना स्टँप पेपर कशाला हवा, असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. आमच्या वर्गातही एकदा हा विषय निघाला, तेव्हा मुलांपेक्षा मुलींनीच अधिक विरोध केला. "लग्नाआधीच घटस्फोटाचा विचार करायचा का?" असे एकीने विचारले. तिच्या प्रश्नात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु त्या प्रश्नाच्या मुळाशी जे गृहीत आहे, म्हणजे आपल्याकडे लग्नापूर्वी करार होत नाही हे, ते मात्र मला मान्य नाही.

आपल्याकडे करार होतो. पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. त्याला 'याद' म्हणतात.

ज्यांची घरे शहरात आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आमच्या मराठवाड्यात सोयरीक जुळली, सुपारी फुटली, की दोन्हीकडची पाचपंचवीस माणसे एका जाजमावर बसतात आणि देण्याघेण्याची याद लिहिली जाते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. अक्षर बरे आहे आणि घाईत लिहिता येते, म्हणून भावकीतल्या दोन लग्नांच्या यादी माझ्याच हातच्या आहेत. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे, वर 'श्री' घालायचे, मग वराचे व वधूचे नाव, गाव, वडिलांचे नाव. त्याखाली कागदाचे दोन भाग. एका बाजूला 'मुलीकडील मंडळींनी करावयाचे' : लग्न कोणाच्या दारी, जेवणावळ किती माणसांची, कपाट, पलंग, गादी, हंडा, कळशी, पातेली, मुलाचा पोशाख, मुलाला अंगठी. दुसऱ्या बाजूला 'मुलाकडील मंडळींनी करावयाचे' : मंगळसूत्र, जोडवी, शालू, वाजंत्री. मानपानाची लुगडी किती आणि टोप्या-टॉवेल किती, हेही येते. शेवटी सह्या. याद मोठ्याने वाचून दाखवतात, दोन प्रती करतात, एकेक प्रत एकेका घरी जाते. कोठे थोडक्यात आटोपायचे असेल तर त्याच बैठकीत हळद लावून लग्नही उरकतात. 'यादी पे शादी' हा शब्द त्यातूनच आला आहे.

आता हा करार नव्हे तर काय आहे? दोन पक्ष आहेत, देवाणघेवाण आहे, अटी आहेत, साक्षीदार आहेत, सह्या आहेत, प्रती आहेत. याद लिहिल्यामुळे लग्न अपवित्र झाले, सात जन्मांच्या गाठी सैल झाल्या, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट याद झाली म्हणजे सोयरीक पक्की झाली असेच समजतात. 'अविश्वास' हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी येत नाही.

मात्र लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सह्या कोणाच्या होतात? मुलीच्या वडिलांची, मुलाच्या वडिलांची, दोन्ही मामांची, मध्यस्थाची, गावच्या एखाद्या प्रतिष्ठिताची. एका यादीवर तर मुलाच्या चुलत चुलत्याची सही होती. ज्यांचे लग्न, त्या दोघांची सही मात्र नव्हती. मुलगी त्या वेळी आतल्या खोलीत चहाच्या कपबश्या भरत होती. मुलगा बाहेर मित्रांबरोबर उभा होता. म्हणजे दोघांच्या साऱ्या आयुष्याचा करार झाला, आणि ते दोघेच त्यात पक्षकार नव्हते. त्यांची नावे वर होती, पण ज्या मालाची पावती फाडायची त्या मालाचे नाव वर असते तशी.

दुसरी गोष्ट यादीत काय येते याविषयीची. भांडी येतात, कापड येते, सोने येते. माणूस कोठे येतो? माझी एक मैत्रीण बारावीपर्यंत माझ्याबरोबर होती. बैठकीत मुलाकडच्यांनी सांगितले होते, "शिकायचे तितके शिकवू, आमची काही हरकत नाही." सर्वांनी माना डोलावल्या. पहिल्या वर्षाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा घरात माणूस कमी पडते, शेतात बाई मिळत नाही, पुढच्या वर्षी बघू, असे झाले. पुढचे वर्ष अजून आलेले नाही. तिच्या लग्नाच्या यादीत पातेल्यांचे आकार लिहिलेले होते. परीक्षेबद्दल एक ओळ नव्हती. एखादे पातेले कमी आले असते तर ती याद बाहेर काढून भांडण झाले असते. शिक्षण आले नाही, त्याबद्दल कोणी कोणता कागद काढायचा?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लग्नापूर्वी करार करावा की करू नये, हा प्रश्नच आपल्यापुढे नाही. तो आपण करतोच. तो कोणी कोणाशी करायचा, त्यात काय लिहायचे आणि तो कायद्यापुढे टिकेल असा कसा करायचा, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याच्या कसोटीला आपली रूढ याद कशी उतरते ते पाहू. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे हुंडा देण्याघेण्याचा कोणताही करार रद्दबातल असतो. मागणी करून ठरवलेल्या वस्तू व रक्कम यांची याद म्हणजे करार म्हणून शून्य, आणि गुन्ह्याचा पुरावा म्हणून मात्र पक्की. हे जाणत्यांना ठाऊक असते. म्हणूनच रोख रकमेचा आकडा हल्ली यादीत लिहीत नाहीत. तो आधीच ओसरीवर कानात सांगून ठरतो. कायद्याचा धाक एवढाच उपयोगी पडला, की हुंडा कागदावरून उतरून कानात गेला.

परंतु याच कायद्याखाली १९८५ साली काही नियम झाले, त्यांची माहिती आमच्याकडे फारशी कोणाला नाही. न मागता, रीतीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे ज्या भेटी लग्नात दिल्या जातात त्यांची लेखी यादी केली पाहिजे असे ते नियम सांगतात. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असल्यास नाते लिहायचे. आणि या यादीवर वधू व वर या दोघांच्या सह्या हव्यात. सही करता येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. नातेवाइकांच्या सह्या? वधूला अगर वराला वाटले तर त्यांनी घ्याव्यात, असे नियमात आहे. आमच्या यादीच्या हे अगदी उलट आहे. आमच्याकडे नातेवाइकांची सही आवश्यक आणि वधूवरांची अनावश्यक. कायद्यात वधूवरांची आवश्यक आणि नातेवाइकांची ऐच्छिक. कायदा चाळीस वर्षांपूर्वी तेथवर जाऊन पोचला आहे. आपले जाजम मात्र जागचे हललेले नाही.

अशा यादीला महत्त्व काय, असे कोणी विचारील. त्याच वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की स्त्रीधनावर मालकी स्त्रीचीच असते. ते नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वस्त म्हणून असते. निर्णय उत्तम आहे. पण कोर्टाच्या पायरीवर उभी राहिलेली स्त्री 'माझे इतके तोळे होते' असे म्हणते तेव्हा पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. दिले कोणी, किती, आणि ते कोठे लिहिले आहे? दोघांच्या सहीची यादी जवळ असली तर त्या निर्णयाचा तिला उपयोग. नसली तर सोने गेले ते गेलेच.

लग्नात दोघांची संमती आणि दोघांचा शब्द असावा हा विचार परदेशातून आयात झालेला आहे, असे समजायचेही कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीवाचून लग्ने लावण्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली. त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले) विवाहाची जी मंगलाष्टके आहेत, त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते हक्क देण्याची प्रतिज्ञा करतो, तीही चारचौघांसमक्ष. इतरांच्या लग्नात मंगलाष्टके दुसरेच कोणी म्हणतात आणि वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना गप्प उभे असतात. फुल्यांनी त्या दोघांना तोंड दिले. माझ्या मते विवाहपूर्व कराराचे बीज हेच आहे, आणि ते पुण्याच्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी पडलेले आहे.

फुल्यांच्याच काळातला रखमाबाईंचा खटला सर्वांनी वाचण्यासारखा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई मोठेपणी नांदायला जाईनात. नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असे सांगितले. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटले आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचे म्हणणे साधे होते : अजाणत्या वयात, माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मला बांधील कसे? आज लग्नाचे वय कायद्याने ठरलेले आहे, जुलमाने नांदायला नेणे सोपे राहिलेले नाही. तरीही बैठकीतल्या जाजमावर मुलीला जागा नाही, एवढ्यापुरता रखमाबाईंचा प्रश्न शिल्लक आहे.

आपल्या शेजारच्या समाजाकडे पाहिले तरी कराराची भीती कमी व्हावी. मुसलमानांत निकाह हा मुळात करारच मानला जातो. मेहेर किती ते निकाहनाम्यात लिहितात, वधूची कबुली साक्षीदारांसमोर घेतात. निकाहनाम्यात अटीही घालता येतात. ठरावीक परिस्थितीत पत्नीला स्वतःच तलाक घेता यावा असा अधिकार देण्याची सोयसुद्धा त्यात आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी वधूच्या बाजूने अशा अटी लिहिल्या जातात, हा निराळा प्रश्न. पण करार केला म्हणून निकाहाचे पावित्र्य कमी झाले असे कोणी मुसलमान मानीत नाही.

हिंदूंच्या बाबतीत मात्र कायद्याची वाट अडचणीची आहे. हे न सांगता केवळ 'करार करा' असा उपदेश करणे बरोबर होणार नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहपूर्व कराराची तरतूद नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. वर १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम आहे : सार्वजनिक धोरणाला बाधक असा करार रद्द. याचा अर्थ कोर्टांनी कसा लावला त्याचे एक जुने उदाहरण आहे. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका घरजावयाचे प्रकरण आले. सासूच्या घरीच राहीन, तिच्या सांगण्याप्रमाणे वागेन, बायकोला तेथून नेणार नाही, असे त्याने लग्नापूर्वी लिहून दिले होते. न्यायालयाने ते लिहिणे बांधील मानले नाही. पतिपत्नीची कर्तव्ये कायद्याने ठरतात, ती आधीच्या कागदाने बदलता येत नाहीत, असा त्याचा रोख. तेव्हा 'वेगळे झालो तर इतके देऊन मोकळा होईन' किंवा 'मी कधी पोटगी मागणार नाही' अशी वाक्ये कितीही भारी स्टँपावर लिहिली तरी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पोटगीचा हक्क तर आधीच सोडून देता येत नाही. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. स्टँप पेपरावर लिहिले म्हणजे सारे कायदेशीर झाले, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. स्टँप हा सरकारचा कर. करार खरा की खोटा, टिकणारा की न टिकणारा, हे मजकुरावरून ठरते.

मग भारतात असा करार टिकतो तरी कोठे? त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सावंतवाडी ओलांडली की गोवा लागते. तेथे पोर्तुगिजांच्या अमदानीतील १८६७ ची नागरी संहिता कुटुंबविषयक बाबींत अजून लागू आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाले, आणि १९६२ च्या कायद्याने तेथले जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. खुद्द पोर्तुगालने ती संहिता १९६७ मध्ये बाजूला सारून नवी आणली. गोव्यात ती राहिली. या संहितेप्रमाणे लग्नापूर्वी वधूवरांना आपल्या मालमत्तेविषयी, कायद्याच्या मर्यादेत, हवा तसा करार करता येतो. अट अशी की तो लग्नाच्या आधी झाला पाहिजे, आणि खाजगी कागदावर नव्हे तर सरकारी नोटरीपुढे सार्वजनिक दस्त म्हणून झाला पाहिजे. तेथे हे काम सब-रजिस्ट्रार पाहतात. एकदा लग्न लागले की तो करार मोडता येत नाही, बदलताही येत नाही. म्हणजे लग्नानंतर दटावून, रडवून सही घेण्याची वाटच बंद.

करार केलाच नाही तर काय? माझ्या मते गोव्याच्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता काही अपवाद वगळता सामाईक होते. लग्नाआधीची आणि नंतरची, दोन्ही. दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. जमीन-घर विकायचे तर दुसऱ्याची संमती लागते. हे नको असेल त्यांनी करार करून दुसरा प्रकार निवडावा : मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवावी, किंवा आधीची वेगळी आणि लग्नानंतर मिळवलेली सामाईक ठेवावी, किंवा स्त्रीच्या माहेराहून आलेल्या धनाची स्वतंत्र व्यवस्था लावावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका निकालात गोव्याच्या या समान नागरी कायद्याचे कौतुक केले आहे. अर्थात तेथे सर्व आलबेल आहे असे नाही. सामाईक मालमत्तेचे व्यवस्थापन मूळ संहितेने नवऱ्याच्याच हाती दिले होते, ते १८६७ च्या युरोपातील पुरुषांना शोभणारेच आहे.

पण यातून एक धडा मिळतो. गोव्यात कायदा प्रथम बाईच्या पदरात अर्धे टाकतो आणि मग करार करायचा तर करा म्हणतो. आपल्याकडे तिच्या पदरात आधी काहीच नाही. वडिलांच्या इस्टेटीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला आहे, महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने. तो मोठाच आहे. पण ज्या शेतात ती सून म्हणून तीस वर्षे खुरपते, त्या शेताच्या सातबाऱ्यावर तिचे नाव येत नाही. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने घर उभे राहिले तरी ते ज्याच्या नावावर त्याचे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नावे केला. कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. यावरून एवढे दिसते की आपल्या माणसांना न्यायाची गोष्ट समजत नाही असे नाही. ती त्यांच्यापुढे मांडावी लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अविश्वासाचा. त्याला उत्तर यादीनेच दिले आहे. व्याह्याव्याह्यांनी लिहून घेतले तर व्यवहार, आणि वधूवरांनी लिहिले तर अविश्वास, हा न्याय कोणता? दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. मला उलट वाटते. श्रीमंताचे लग्न बिघडले तर त्याच्याकडे वकील असतो. आमच्यासारख्यांच्या घरी बापाने लग्नासाठी काढलेले कर्ज आणि मुलीच्या अंगावरचे चार दागिने, एवढाच हिशेब असतो. तो चुकला तर सारेच संपते. ज्याच्याकडे थोडे आहे त्यानेच ते नीट लिहून ठेवायला हवे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि तो मला आमच्या प्राध्यापकांनी बोलून दाखवला. करार म्हणजे दोन समान माणसांचा व्यवहार. जी मुलगी कमावत नाही, जिचे वडील 'एकदा हात पिवळे झाले की सुटलो' म्हणतात, ती पुढे ठेवलेल्या कोणत्याही कागदावर सही करील. मग करार तिचे रक्षण करील की तिला बांधून घालील? अमेरिकेतील ज्या करारांची वर्णने आपण वाचतो, त्यांत बहुधा पैसेवाला पक्ष आपली संपत्ती दुसऱ्यापासून वाचवीत असतो. तसले करार येथे आले तर बाईच्या हाती असलेले थोडेसुद्धा जाईल. हा धोका मी मान्य करते. म्हणूनच पोटगीचा हक्क सहीने सोडता येत नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला राहत्या घराचा आसरा आहे, ही कुंपणे तशीच राहिली पाहिजेत. करार या कुंपणाच्या आत व्हावा. तो कायद्याने दिलेल्यात भर घालणारा असावा, त्यातून वजा करणारा नसावा. आणि उद्या सरकारने विवाहपूर्व कराराचा कायदा केलाच, तर त्याआधी गोव्यासारखे लग्नानंतरच्या कमाईत दोघांचे अर्धे अर्धे कायद्याने ठरवावे. समानता आधी, करार मागून. हा क्रम उलटा झाला तर माझ्या म्हणण्याचा काही उपयोग नाही.

तोवर हात जोडून बसायचे काय? आजच्या कायद्यातही पुष्कळ करण्यासारखे आहे. मला सुचते ते असे. पहिले म्हणजे भेटींची यादी १९८५ च्या नियमाप्रमाणे करावी. सोन्याचे वजन, सराफाची पावती, देणाऱ्याचे नाव, दोघांच्या सह्या, मुलीची प्रत मुलीच्याच पेटीत, सासऱ्याच्या कपाटात नव्हे. दुसरे, लग्नापूर्वी कोणाचे काय होते आणि कोणावर कर्ज किती, हे दोघांनी एकमेकांना लिहून सांगावे. लग्नाच्या खर्चासाठी काढलेले कर्ज कोण फेडणार हेही त्यात यावे. असा कागद करार म्हणून कोर्टाने बांधील धरला नाही तरी काय कोणाचे याचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो. तिसरे, घर किंवा जमीन यांत वाटा द्यायचा असेल तर नुसते लिहून भागत नाही. रीतसर दस्त करून त्याची नोंदणी व्हावी लागते. 'पुढे नावावर करू' या वाक्याला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत किंमत नाही. चौथे, शिक्षण आणि नोकरी. 'पदवी पूर्ण होईपर्यंत कॉलेज सुटणार नाही', 'पगार तिच्या खात्यात राहील' ही वाक्ये कोर्टात बजावून घेता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही ती लिहावीत. यादीतला शब्द मोडला तर चारचौघांत मान खाली जाते. पातेल्यासाठी जी लाज वाटते ती पुस्तकासाठीही वाटू द्या. आणि पाचवे, सही करण्यापूर्वी मुलीला कागद घरी नेऊन वाचायला चार दिवस मिळावेत, आणि मुलाकडच्यांचा नसलेल्या एखाद्या वकिलाला किंवा जाणत्याला तिने तो दाखवावा. मोफत कायदा सल्ल्याची सोय जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला ती मिळण्यास उत्पन्नाची अट नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एकोणीस वर्षांच्या मुलीने लग्नाविषयी इतके स्पष्ट बोलू नये. पण लग्न एकोणीस वर्षांच्या मुलीचेच ठरते. चाळीस वर्षांच्या बाईचे मत त्या बैठकीत उपयोगी पडत नाही, कारण तिची याद केव्हाच लिहून झालेली असते. माझ्या वयाच्या मैत्रिणींना आणि मित्रांनाही माझे सांगणे एवढेच आहे. मित्रांनाही अशासाठी, की जाजमावर बसलेल्यांनी त्यांनाही विचारलेले नसते; बापाने पसरलेल्या हाताची लाज मात्र जन्मभर त्यांना वागवावी लागते. आपल्या लग्नाची याद होईल तेव्हा आतल्या खोलीत किंवा बाहेरच्या कट्ट्यावर थांबू नका. जाजमावर येऊन बसा. मोठ्यांचा मान राखून, आवाज न चढवता, 'हे आम्हालाही वाचू द्या' असे म्हणा. मागणीची ओळ असेल तर ती खोडायला सांगा. राहून गेलेली ओळ असेल तर ती घालायला सांगा. आणि खाली, मामाच्या सहीच्या आधी, दोघांच्या सह्यांना जागा ठेवा.